कोठीचं कुलूप आणि न थांबण्याचा नियम

आमच्या सुनेच्या नोकरीवर मध्यंतरी जी वेळ आली, ती माझ्यामुळे आली असं पूलकाका इमारतभर सांगत सुटले आहेत. पूलकाका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे. नोकरीत असताना त्यांनी पूल बांधले. किती बांधले ते रोज सांगतात, त्यांतले उभे किती आहेत ते विचारलं की त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. अशा माणसाच्या तोंडून हकिकत पसरण्यापेक्षा मीच लिहून काढते. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. खरं लिहायला तिसरी पुरते. खोटं लिहायचं तर जास्त शिकावं लागतं.

सून घरूनच नोकरी करते. जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक तिचं ऑफिस आणि दुसऱ्या टोकाला आम्ही जेवतो. दुसऱ्यांनी कॉम्प्युटरसाठी लिहिलेलं काम ती तपासते. दिवसभर पडद्याकडे बघायचं, मध्येच मान हलवायची, मध्येच "छे!" म्हणायचं. आमचे हे पेपर वाचताना अगदी असंच करतात, पण त्यांना त्याचा कोणी पगार देत नाही.

त्या दिवशी सकाळी ती चहाच्या कपात चमचा ढवळत बसली होती. साखर घातलीच नव्हती. मुलगा कामानिमित्त परगावी, तेव्हा चौकशी करणं माझ्याकडेच आलं.

"काय गं, चहाशी भांडण झालं का?"

"आई, तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्हाला नाही कळायचं."

या घरात मला न कळणारं एकही वाक्य अजून बोललं गेलेलं नाही. मी खुर्ची ओढून बसले. मग तिला सांगावंच लागलं.

"असं समजा, कॉम्प्युटरच्या आत एक कोठी असते. सगळ्या फायली तिथे ठेवलेल्या."

"कुलूप असतं का?"

"असतं. एका वेळी एकानेच उचलठेव करावी म्हणून."

"शहाणी माणसं आहेत. माणूस चोरटाच असतो."

"चोरीसाठी नाही हो आई, गोंधळ होऊ नये म्हणून! आता तिथे कोणी आलं आणि म्हणालं, मला अमुक फाईल द्या, पण मला थांबायला वेळ नाही. हाताशी असेल तर द्या, नसेल तर लगेच 'आत्ता नाही' म्हणा, मी तेवढ्यात दुसरं काम उरकतो. तर अशा माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. आमच्या साहेबांनी या नियमाचं नवं काम लिहिलंय. ते सगळीकडे नियम पाळतं का, हे मी बघायचं."

"मग? पाळत नाही?"

"पाळतं. पण चालवून बघितलं की मधूनच एखाद्या वेळी लटकतं. न थांबण्याचं कबूल करून आत कुठेतरी थांबतंय. कुठे, ते मला सापडत नाहीये. आणि साहेब म्हणतात, दोष दाखव, नाहीतर संध्याकाळच्या आत 'तपासलं, ठीक आहे' असं लिहून सही कर आणि मोकळी हो."

"लिही की मग."

"लिहिलं आणि उद्या लोकांची कामं अडकली, तर तपासलं कोणी? मी. नाही लिहिलं, तर कामात खोडा घालते म्हणून शेरा. आणि मी अजून कायम झालेली नाही, आई."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीच्या काठावर साहेब बसलेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "तू शोध. संध्याकाळपर्यंत तुझ्या कामात या घरात कोणी व्यत्यय आणणार नाही. ही माझी जबाबदारी."

ती का कोण जाणे, आणखीच काळजीत पडली.

मी लगेच दाराशी खुर्ची टाकली. नियम मला आवडलाच होता. आयुष्यभर लोकांनी मला ताटकळत ठेवलंय. डॉक्टरांनी, शिंप्याने, लग्नाच्या आधी यांनी. येईल त्याला उभं ठेवायचं नाही, घोळ घालायचा नाही, तोंडावर "आत्ता नाही" म्हणून मोकळं व्हायचं. यात थाटही आहे आणि वेळही वाचतो.

पहिले बळी आमचे हे. चहाचा दुसरा कप विचारायला आले. म्हटलं, "आत्ता नाही."

"मग कधी?"

"नियमात ते नाही."

ते गेले आणि परत आले. "आता?" म्हटलं, नाही. पुन्हा आले. "आता?" तेवढ्यात वरून पूलकाका आले, त्यांना कात्री हवी होती. "आत्ता नाही" म्हटल्यावर माणसाने घरी जावं की नाही? ते जिन्यात पाच पायऱ्या चढून उभे राहिले आणि तिथून दर थोड्या वेळाने ओरडू लागले, "वहिनी, आता?" इकडून हे, तिकडून ते. कावळ्यांची शाळा भरली नुसती.

आतून सून बाहेर आली. केस विस्कटलेले. म्हणाली, "आई, नुसतं 'आत्ता नाही' म्हणून भागत नाही. मग माणूस सारखा येऊन विचारतो, त्यात सगळ्यांचाच वेळ जातो. त्याला सांगायचं, झालं की हाक मारीन."

"हे तू आधी सांगायचं होतंस. अर्धवट नियम देऊन माणसाला दारावर बसवू नये."

"मी कुठे बसवलं?"

मी ऐकलं नाही. दारावर बसलं की आतलं ऐकू येत नाही.

मग तो आला. पाठीला पिशवी, हातात पकड, छातीवर इंटरनेट कंपनीचा बिल्ला. म्हणाला, "आजी, इंटरनेटचा डबा बद..."

"आत्ता नाही. झालं की हाक मारीन."

"पण आजी, जुने डबे आज..."

"हाक मारीन म्हटलं ना!"

लाईनवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाईलवर काहीतरी टिपलं आणि गेला. वाद नाही, उभं राहणं नाही, "आता?" नाही. म्हटलं, चला, या इमारतीत निदान एक तरी माणूस नियमाने वागणारा आला. हाक कुठे मारायची, ते मात्र विचारायचं राहिलं.

दुपारी जेवणं होतात न होतात तो सुनेच्या टेबलाकडून आवाज आला, "छे! छे! छे!" नेहमीच्या मानाने दोन छे जास्त होते. इंटरनेट बंद. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सुरू, आमचंच बंद. पूलकाकांनी जिन्यातून माहिती पुरवली, "अहो वहिनी, जुने डबे आज दुपारपासून बंद करणार होते. सकाळी माणूस सगळ्यांचे बदलून गेला. तुमच्याकडे आला नाही का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पूलकाकांना कात्री देऊन टाकली.

सून म्हणाली, "ऑफिसच्या मशीनला घरचीच लाईन लागते, मोबाईलची चालत नाही. वाचता येईल मला, पण संध्याकाळच्या आत पाठवायचं कसं?" ती ओरडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते. ती ओरडली नाही. नखं कुरतडत पुन्हा पडद्याकडे वळली. त्यावर काय ऐकवणार?

"मी आणते त्याला," असं म्हणून मी चपला घातल्या. हे म्हणाले, "अगं, फोन कर." म्हटलं, फोनवर लोकांना माझा चेहरा दिसत नाही, आणि निम्मं काम चेहराच करतो.

इंटरनेट कंपनीचं ऑफिस तीन चौक पलीकडे. आत गारवा, काचा, बसायला वाटी कापल्यासारख्या खुर्च्या. त्यांत बसलं की उठता येत नाही, बहुधा म्हणूनच ठेवल्या असाव्यात. दारात यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. मी चिठ्ठी न घेता थेट खिडकीशी गेले.

खिडकीतल्या बाईने वर न बघता विचारलं, "नंबर?"

"मी थांबणाऱ्यातली नाही. काम होत असेल तर करा, नसेल तर तोंडावर सांगा. आमची सून याच विषयात काम करते."

"आत्ता नाही," असं म्हणून तिने खिडकीवर 'बंद' अशी पाटी टांगली.

नियमाने पाहिलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपलंच नाणं आपल्याच हातावर कोणी आपटलं की ते खोटं वाटतं, एवढंच. मी मुकाट चिठ्ठी घेतली आणि वाटीत बसले.

नंबर आल्यावर बाईने पडदा पाहिला. "तुमचं काम झालंय."

"कुठे झालंय? सगळं बंद पडलंय!"

"इथे लिहिलंय, ग्राहकाने घरात घेतलं नाही, तक्रार बंद. बंद झालेली तक्रार उघडता येत नाही. नवीन नोंदवा."

"नोंदवा मग."

"ती फोनवरून होते. फोनवर आकडे येतील, ते मला सांगायचे."

फोन घरी होता. पण मी यांच्यासारखी गडबडणारी नाही. मी खिडकीच्या फळीवर कोपर टेकलं आणि तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कोठी, कुलूप, साहेब, सही, पोरीची नोकरी. मागच्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. रांगेतली एक म्हातारी "अगंबाई, बिचारी" म्हणाली. मग एकजण म्हणाला, "द्या हो पाठवून माणूस." मग सगळेच म्हणायला लागले. माझ्याबद्दल कळवळा होता की आपला नंबर लवकर यावा म्हणून होता, ते मी खोदून विचारलं नाही.

बाईने खटाखट बटणं दाबली. "पाठवलाय. तोच माणूस, जवळच आहे. आजी, तुम्ही घरी जा."

"मुळीच नाही. काम झालं असं तुमच्या पडद्यावर दिसल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मघाशी पण झालंच होतं तुमचं."

आणि मी पुन्हा वाटीत बसले. आता मी तिथे बसले असताना घरी काय चाललं होतं, ते मला नंतर तिघांकडून तीन प्रकारे कळलं. त्यांतलं पूलकाकांचं वगळून सांगते.

लाईनवाला आला. या वेळी दारावर मी नव्हते, त्यामुळे त्याला कोणी अडवलं नाही. "या, या," म्हणून यांनी त्याला आत घेतलं. सुनेने बोट दाखवलं, "डबा तिकडे, स्वयंपाकघरामागच्या कोठीत." डबा कोठीत मीच ठेवायला लावला होता. दिवाणखान्यात रात्रभर डोळे मिचकावत बसायचा मेला. आणि कोठीला कुलूप. आणि किल्ली?

किल्ली माझ्या कमरेला. ती तिथे असते हे माझ्या ध्यानातही येत नाही. आपलं नाक आपल्याला कुठे दिसतं?

"फोन करा आजींना," लाईनवाला म्हणाला. सुनेने लावला. कोठीच्या बंद दारामागून घंटी वाजायला लागली. फोन मी कोठीतच चार्जिंगला लावते. बाहेर ठेवला की हे त्यावर मॅच बघतात.

पूलकाका कात्री परत करायला आले होते, ते तिथेच थांबले. त्यांनी दाराची चौकट ठोकून पाहिली आणि बिजागऱ्या कापाव्यात असा सल्ला दिला. हे म्हणाले, "मी बोलावून आणतो तिला," आणि चप्पल शोधू लागले. हा माणूस चप्पल शोधायला लागला की आपण मुलांची लग्नं उरकून यावीत. सून जायला निघाली तर लाईनवाला म्हणाला, "तुम्ही गेलात तर मीही जातो. मला अजून चार घरं आहेत."

तो कोठीच्या दाराला टेकून उभा राहिला आणि कुरकुरू लागला, "सकाळी आजींनी दारातूनच घालवलं, ते परवडलं हो. निदान दुसरी घरं तरी उरकली. आता आत घेतलंत आणि कुलपापाशी उभं केलंत. इथेही नाही, तिथेही नाही."

सून म्हणे त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. मग ती एकदम वळली, टेबलाकडे धावली आणि पडद्यावर भराभर वर-खाली करायला लागली.

तिने मला नंतर समजावलं ते असं. साहेबांनी पुढच्या दारावर नियम चोख पाळला होता. फाईल हाताशी आहे का बघा, नसेल तर "आत्ता नाही" म्हणा. सगळं बरोबर. पण ते बघायच्या आधी कुलूप घ्यावं लागतं, आणि तिथे साहेबांनी नेहमीच्या सवयीने लिहिलं होतं, कुलूप मिळेपर्यंत थांबा. कोठी बहुतेक वेळा मोकळी असते, म्हणून चालून जातं. पण त्याच वेळी दुसरं कोणी कुलूप धरून बसलेलं असलं की संपलं. "थांबणार नाही" म्हणून आलेला माणूस आत उभाच्या उभा. लिहायला हवं होतं असं, की कुलूप मिळतंय का एकदा बघा, नाही मिळालं तर तिथूनच "आत्ता नाही" म्हणून परत फिरा. एका ओळीची चूक. तिने दहादा वाचलेली ओळ.

दोष सापडला. तिने खाली लिहूनही ठेवला. पण पाठवायचा कसा? पाठवायचा डबा कोठीत, किल्ली माझ्याकडे, आणि मी तिकडे वाटीत बसलेली, काम झाल्याशिवाय हलणार नाही म्हणून. काम होणार नाही मी हलल्याशिवाय. असा तो पेच पडला होता.

खिडकीतल्या बाईने मला हाक मारली. "आजी, तुमच्याकडचं दिसतंय. माणूस पोहोचला."

"झालं काम?"

"नाही. इथे लिहिलंय..." तिने डोळे बारीक करून वाचलं, "खोलीला कुलूप. किल्ली ग्राहकाकडे. ग्राहक घरी नाही."

माझा हात कमरेकडे गेला. जुडगा खणकन वाजला. अख्ख्या ऑफिसात तेवढाच आवाज. रांगेतली ती म्हातारी पुन्हा "अगंबाई" म्हणाली, पण या वेळी पुढे "बिचारी" नव्हतं.

मी निघाले. माझ्या वयाच्या बाईने धावू नये म्हणून मी धावले नाही. पण वाटेत मला कोणी मागे टाकलं असेल तर ते मोटारीतलेच.

जिना चढून वर आले तर दार सताड उघडं. कोठीत पाहते तर नव्या डब्यावर हिरवा दिवा लागलेला. लाईनवाला पिशवी भरतोय. कोठीचं दार उघडं, बिजागऱ्या शाबूत. कुलूप कडीला लटकतंय, त्याच्यावर ओरखडाही नाही.

"उघडलं कोणी?"

सून पडद्यात डोकं घालून बसली. पूलकाका छताचा अभ्यास करू लागले, पूल असल्यासारखा. आमच्या यांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

लाईनवाल्याला आमच्या घरचं राजकारण काय ठाऊक! तो भाबडेपणाने म्हणाला, "आजोबांनीच उघडलं की. सून रडकुंडीला आली तेव्हा त्यांनी चष्म्याच्या डबीतून किल्ली काढली. आधीच काढली असती तर मी कधीच गेलो असतो."

चष्म्याची डबी! ती डबी मी स्वतः पुसते. वरून. आणि कोठीतली बिस्किटं कमी होतात म्हणून मी वर्षानुवर्षं उंदराला शिव्या देतेय. सापळा लावला. सापळ्यातही बिस्किटच ठेवत होते, आणि ते जायचं पण उंदीर सापडायचा नाही. मी म्हणायचे, काय हुशार उंदीर आहे!

"अहो," मी म्हटलं.

"काय गं," पेपरामागून आवाज.

मी पुढे बोलणार एवढ्यात टेबलावरून साहेबाचा आवाज आला. सुनेने लिहून पाठवलं होतं आणि साहेबाने तिला लगेच बोलावलं होतं, पडद्यावर. चौकोनाचौकोनांत बाकीची मंडळीही होती. नवरा-बायकोचं बोलणं परक्या साहेबासमोर नको म्हणून मी तोंड मिटलं आणि भिंतीलगत उभी राहिले.

साहेब म्हणाला, "हे फारच लांबचं झालं. कुलूप घेऊन नेमकं त्याच वेळी कोण बसणार आहे? आणि इतका वेळ? असं कुठे घडतं का?"

सून म्हणाली, "सर, आमच्या घरी आजच घडलं." आणि तिने सांगितलं. सगळं. डबा, कोठी, किल्ली, वाटीतली खुर्ची. माझ्या तोंडावर. माझ्याच जेवणाच्या टेबलावरून.

चौकोनांत आधी एकजण हसला, मग सगळे. साहेब हसला नाही. त्याने आपलं काम पडद्यावर उघडलं आणि विचारलं, "ती ओळ कोणती म्हणालात?" तिने सांगितली. "हं," तो म्हणाला. "बदलून पाठवतो. बरं झालं, सही नाही केलीत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती कायम झाली. पेढे तिने वाटले, अभिनंदन पूलकाकांनी घेतलं. आणि तिच्या ऑफिसात हल्ली कुठेही काहीही लटकलं की ते लोक एकमेकांना म्हणतात, "बघ रे, सासूबाई बाहेर गेल्यात का." मी त्यांतल्या कोणालाही ओळखत नाही. ते सगळे मला ओळखतात. तिसरी पास बाईचं नाव इतक्या शिकलेल्या लोकांच्या तोंडी असणं याला मान म्हणायचं की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. सुनेला विचारलं तर म्हणते, मानच. म्हणताना मात्र तोंड फिरवते.

सगळ्यांना वाटलं, आता मी कुलूप बदलीन. यांची तर भूकच गेली होती. मी काही बदललं नाही. त्यांच्या डबीतली किल्ली काढून घेतली नाही. एक शब्द बोलले नाही. माझी किल्ली माझ्या कमरेला आहे, त्यांची त्यांच्या डबीत. मी फक्त बिस्किटांचा डबा कोठीतून उचलला आणि माझ्या कपाटात ठेवला.

काल दुपारी डोळे मिटून पडले होते. पावलं वाजली. चष्म्याची डबी टक्‌ करून उघडली. कुलूप हळूच निघालं. मग फळ्यांवरून हात फिरण्याचा आवाज. वरची फळी, मधली फळी, पुन्हा वरची.

मी पडल्यापडल्याच म्हटलं, "अहो, आत्ता नाही."



मग यांचा आवाज आला, अगदी बारीक, "मग कधी?"

"हाक मारीन."